नैनीतालची एक दिवसाची लेक टूर: क्रम उलटा लावा, यादी कापा

नैनीतालमध्ये तल्लीतालच्या (तलावाच्या खालच्या टोकाच्या) टॅक्सी स्टँडवर, मॉल रोडवरच्या ट्रॅव्हल काउंटरवर आणि बहुतेक हॉटेलांच्या रिसेप्शनवर एक सफर हमखास विकली जाते, ती म्हणजे ‘लेक टूर’. एक गाडी, एक दिवस, भीमताल, नौकुचियाताल, सातताल आणि मध्ये चार-सहा ‘पॉइंट’. महाराष्ट्रातून उत्तराखंडातल्या कुमाऊंला जाणारी बहुतेक कुटुंबं ही सफर करतात. आमचं मत आधीच सांगतो. सफर नक्की घ्यावी, लहान मुलं आणि आजी-आजोबा यांना एकत्र घेऊन हिमालयातली तळी पाहण्याचा यापेक्षा सोपा मार्ग नाही. फक्त ती ज्या क्रमानं आणि ज्या यादीनं विकली जाते, त्या क्रमानं आणि त्या यादीनं घेऊ नये.

आधी नकाशा डोक्यात बसवा. नैनी तलाव सुमारे १,९४० मीटर उंचीवर आहे. तिथून ११ किलोमीटरवर भवाली. भवालीहून भीमतालकडे रस्ता सतत उतरत जातो. भीमताल आणि सातताल सुमारे १,३७० मीटरवर, तर नौकुचियाताल त्याहून खाली, सुमारे १,२२० मीटरवर. म्हणजे या सफरीत तुम्ही पाचशे ते सातशे मीटर खाली उतरता आणि संध्याकाळी तेवढेच परत चढता. सकाळी नैनीतालला स्वेटर लागतो आणि दुपारी नौकुचियातालच्या काठावर तो काढून हातात धरावा लागतो. मुलांना एकच जाड जॅकेट घालण्यापेक्षा दोन पातळ थर घाला. सगळा फेरा ६५ ते ७० किलोमीटरचा होतो. रस्ता मोकळा असेल तर त्यातला गाडीत बसण्याचा वेळ तीन तासांच्या आसपास असतो. मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी हाच वेळ पाच तासांवर जातो, आणि दिवसाचं सगळं गणित तिथेच बिघडतं.

नेहमीचा क्रम असा: नऊ-साडेनऊला निघायचं, भवालीतून थेट भीमताल, तिथे नाव, मग नौकुचियाताल, तिथे पुन्हा नाव आणि जेवण, मग तीन-साडेतीनला सातताल, आणि अंधार पडताना परत. कागदावर हे सोयीचं वाटतं, पण प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी तुम्ही चुकीच्या वेळी पोहोचता. नऊला निघालेल्या सगळ्या गाड्या साडेदहाच्या सुमाराला भीमतालच्या काठावर एकत्र येतात. साततालला पोहोचेपर्यंत मुलं दमलेली असतात, पार्किंग भरलेलं असतं आणि डोंगरांच्या खोलगट भागात, दाट झाडीत असलेल्या त्या काठावरून ऊन लवकर निघून गेलेलं असतं. सगळ्यांत सुंदर ठिकाण सगळ्यांत वाईट वेळेला, अर्ध्या तासात उरकलं जातं.

म्हणून सातताल पहिलं घ्या. सकाळी सातला नैनीताल सोडा. भवालीहून भीमतालच्या रस्त्यावर मेहरागाव लागतं, तिथून साततालचा फाटा फुटतो. नैनीताल ते सातताल साधारण २३ किलोमीटर, त्या वेळी एक तास पुरतो. साततालला अडीच-तीन तास द्या. मग मेहरागावला परत येऊन भीमतालच्या काठाकाठानं न थांबता पुढे नौकुचियाताल, तिथे नाव आणि जेवण. तीनच्या सुमाराला उलट येताना भीमताल. साडेचारला तिथून निघून भवालीमार्गे परत. अंतर तेवढंच राहतं, एक किलोमीटरही वाढत नाही. ड्रायव्हर सुरुवातीला नाखूश असतो, कारण त्याला सातऐवजी नऊला निघणं सोयीचं असतं. म्हणून हे आदल्या रात्री, पैसे ठरवतानाच सांगा. सकाळी गाडीत बसल्यावर क्रम बदलायला सांगितला की वाद होतो.

साततालबद्दल थोडं सविस्तर, कारण या सफरीचा खरा ऐवज तिथे आहे. मेहरागावच्या फाट्यावरून आत गेल्यावर आधी नल-दमयंती ताल लागतं. ते छोटं आहे, पाचकोनी आकाराचं. तिथले मासे पवित्र मानतात, मासेमारी करत नाहीत. पाच मिनिटं उतरून पाहण्याजोगं. पुढे साततालचा ख्रिस्ती आश्रम आहे, अमेरिकन मिशनरी ई. स्टॅनले जोन्स यांनी १९३० मध्ये स्थापन केलेला. त्यानंतर उतारावर उजेडात चमकणारं गरुड ताल आणि सगळ्यांत खाली एकमेकांना जोडलेली राम, लक्ष्मण आणि सीता ही तळी. गाड्या थांबतात, नावा मिळतात आणि मॅगीची दुकानं आहेत ती या शेवटच्या जागी. बहुतेक टॅक्स्या फाट्यावरून थेट इथेच आणतात, गरुड ताल काचेतूनच मागे पडतं. ड्रायव्हरला सांगून गरुड तालाच्या वर गाडी थांबवा आणि मोठ्या माणसांना तिथूनच पाहू द्या. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी खाली पाण्यापर्यंत जावं. इथे नावांची गडबड नसते. वारा पडलेला असेल तर समोरच्या उतारावरची झाडं पाण्यात जशीच्या तशी उलटी दिसतात.

चालताना एक काळजी घ्या. चीड (पाइन) वृक्षाच्या वाळलेल्या सुयांना इथे पिरूल म्हणतात. मार्चपासून जूनपर्यंत पायवाटांवर त्यांचा जाड थर साचतो आणि उतारावर त्यावरून पाय सरकतो. गुळगुळीत तळव्याच्या चपला आणि मुलींच्या सपाट सँडल इथे धोक्याच्या आहेत. तळव्याला खाचा असलेले बूट घाला, उतरताना पाय आडवा टाका आणि आजी-आजोबांचा हात धरा. खाली दगड ओला आणि वर कोरडा पिरूल, अशी जागा सगळ्यांत फसवी.

पक्षी पाहणाऱ्यांमध्ये सातताल देशभर प्रसिद्ध आहे आणि तेही सकाळी लवकर जाण्याचं कारण आहे. बांज (ओक), चीड आणि पाणवठा एकत्र आल्यामुळे पक्ष्यांचे बरेच प्रकार थोड्या जागेत सापडतात. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात शीळ घालणारा कस्तूर ज्यांनी ऐकला आहे, त्यांना इथे त्याचा हिमालयातला भाऊबंद, ब्लू व्हिसलिंग थ्रश, ओढ्याकाठच्या दगडांवर हमखास भेटेल. जवळून पाहिला तर काळा वाटणारा तो पक्षी गडद निळा निघतो, अंगावर बारीक चकचकीत ठिपके असतात आणि चोच पिवळी असते. लांब शेपटीची, लाल चोचीची निळी मॅगपाय थव्यानं एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना मुलांनाही सहज दिसते. आठ ते साडेनऊ ही वेळ चांगली. दहानंतर स्पीकर लावलेल्या गाड्या यायला लागतात आणि पक्षी आत सरकतात. साधी ८ बाय ४२ ची दुर्बीण घरात असेल तर पिशवीत टाका, तिथे भाड्यानं मिळणाऱ्या दुर्बिणी डोंगर दाखवायच्या असतात.

आता नावा. प्रत्येक तळ्यावर नाव घेण्याची गरज नाही, एका तळ्यावर नीट घ्या. आमची निवड नौकुचियाताल. ते साधारण एक किलोमीटर लांब आहे आणि सुमारे ४० मीटर खोल, म्हणजे या भागातलं सगळ्यांत खोल तळं. जमिनीतल्या झऱ्यांनी भरत असल्यामुळे उन्हाळ्यातही पाणी टिकतं. त्याचा काठ आत-बाहेर वळत जातो, नऊ कोपरे आहेत आणि कुठल्याही एका जागेवरून ते सगळे दिसत नाहीत, अशी तिथली समजूत आहे. म्हणूनच इथे नाव घेण्यात अर्थ आहे. काठावर उभं राहून अर्धं तळंही दिसत नाही, नाव वळली की पुढचा कोपरा उघडतो. भीमताल मात्र रस्त्यावरूनच बरंचसं दिसतं आणि साततालचं सौंदर्य पाण्यापेक्षा झाडीत आहे.

वल्ह्याची नाव की पॅडल बोट, हा घरोघरी होणारा वाद. लहान मुलं आणि मोठी माणसं बरोबर असतील तर वल्ह्याची नाव घ्या. नावाडी बरोबर असतो, त्याला पाण्याची आणि वाऱ्याची सवय असते. पॅडल बोट मुलांना हवीहवीशी वाटते, पण तिच्यात दोन अडचणी आहेत. तिचा सुकाणूचा दांडा वळवल्यावर बोट लगेच वळत नाही, चार-पाच पॅडल मारल्यावर वळते. नवखा माणूस तोवर दांडा आणखी वळवतो आणि बोट गोल फिरते. दुसरी अडचण वाऱ्याची. दुपारी डोंगरउतार तापले की दरीतून वर वारा सुटतो. पॅडल बोट हलकी आणि पाण्यावर उंच असल्यामुळे वारा तिला ढकलत नेतो. जाताना वाऱ्याबरोबर दहा मिनिटांत पलीकडे गेलेलं कुटुंब परत येताना वाऱ्याविरुद्ध अर्धा तास पाय मारत बसतं आणि वेळ संपली म्हणून जादा पैसे भरतं. यावर उपाय सोपा आहे. निघण्याआधी काठावरच्या झाडाची पानं किंवा पाण्यावरच्या लहरी कोणत्या दिशेनं जातात ते पाहा आणि आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे परतताना वारा मदत करेल. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर दुपारी होणारी दमछाक ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. फक्त इथे पाणी जास्त खोल आणि जास्त थंड आहे.

लाइफ जॅकेट सगळ्यांना देतात, पण ती बसतात का हे कोणी पाहत नाही. मुलाला जॅकेट घातल्यावर सगळी बक्कलं लावा, पट्टे ओढून घट्ट करा आणि मग जॅकेट दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून पाहा. जॅकेट मुलाच्या हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. पाण्यात मूल खाली राहील आणि जॅकेट वर तरंगेल. लहान मापाचं मागा. नसेल तर त्या मुलाला घेऊन पाण्यात जाऊ नका, काठावर थांबा. यात संकोच करू नये. तुटलेलं बक्कल असलेलं जॅकेट दिलं तर बदलून मागा, बाजूला ढीग असतो. नावेत उभं राहून फोटो काढणं, एका बाजूला सगळ्यांनी सरकणं आणि पाण्यात हात-पाय सोडणं टाळा. यांतल्या कोणत्याही तळ्यात पोहायला उतरू नका. काठापासून काही पावलांतच खोली एकदम वाढते, तळाशी पाणवनस्पती असतात आणि थंड पाण्यात पोहणाऱ्याचाही दम तुटतो.

दर काठावरच्या फलकावर लिहिलेले असतात. तिकीट खिडकीवरून पावती घ्या आणि पावतीवर किती मिनिटं आहेत ते वाचा. ‘आधा चक्कर’ आणि ‘पूरा चक्कर’ हे शब्द कानावर पडतील. नौकुचियातालला पूर्ण चक्कर घ्या, अर्ध्यात पलीकडचे कोपरे येतच नाहीत.

नौकुचियातालच्या शेजारी कमळांनी भरलेलं छोटं कमल ताल आहे. फुलं उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यापर्यंत असतात, दिवाळीत गेलात तर फक्त पानं दिसतील. इथूनच भीमतालच्या आसपास चालणाऱ्या पॅराग्लायडिंगचे एजंट भेटतात. दोघांनी मिळून करायचं उड्डाण हवेत काही मिनिटांचंच असतं, पण वर डोंगरावर जाणं, वाऱ्याची वाट पाहणं, उतरणं आणि परत येणं यात दीड-दोन तास जातात. ते करायचं असेल तर त्या दिवशी भीमताल सोडा आणि आधी चालकाचा परवाना, राखीव पॅराशूट आहे का आणि विमा कशाचा आहे, हे तीन प्रश्न विचारा. वारा जास्त आहे असं सांगून उड्डाण थांबवणारा चालक चांगला समजावा.

भीमताल थोडक्यात. या परिसरातलं ते सगळ्यांत मोठं तळं, नैनी तलावापेक्षाही मोठं. एका टोकाला ब्रिटिश काळातलं दगडी धरण आहे आणि त्याच्याजवळ भीमेश्वर महादेवाचं मंदिर. कुमाऊंचा राजा बाजबहादुर चंद यानं ते सतराव्या शतकात बांधलं. धरणावरून सपाट चालता येतं, म्हणून चढ-उतार न झेपणाऱ्यांसाठी दिवसातली ही सगळ्यांत आरामाची जागा. तळ्याच्या मधोमध बेट आहे आणि त्यावर मत्स्यालय. तिथे नावेनंच जावं लागतं. आमच्या मते नौकुचियातालला नाव झाली असेल तर हे सोडलं तरी चालेल. मुलांनी हट्ट धरला तर आत्ता चालू आहे का, हे नावेचं तिकीट काढण्याआधी विचारा. त्यापेक्षा वेळ असेल तर जोन्स इस्टेटमधलं फुलपाखरांचं संग्रहालय बघा. स्मेटासेक कुटुंबानं दोन पिढ्या जमवलेला पतंग आणि फुलपाखरांचा संग्रह आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना तिथे खरंच रस वाटतो. ते उघडं आहे का ते आधी ठरवून जा, ते सरकारी वेळेनं चालणारं ठिकाण नाही. थंड पाण्यातल्या माशांवर संशोधन करणारी भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्थाही भीमतालमध्येच आहे. सोनेरी महसीर हा मासा या तळ्यांचा जुना रहिवासी. काठावरून माशांना बिस्किटं आणि कुरमुरे टाकू नका, त्यानं पाणी बिघडतं.

आता यादीतून काय कापायचं. ‘सात तलाव’ दाखवतो असं सांगणाऱ्या पॅकेजमध्ये अनेकदा खुर्पाताल आणि सरियाताल घातलेलं असतं. ही दोन्ही नैनीतालहून कालाढुंगीच्या रस्त्यावर, म्हणजे भीमतालच्या बरोबर उलट दिशेला आहेत. एका दिवसात दोन्ही दिशा केल्या तर सगळी तळी काचेतूनच दिसतात. खुर्पाताल रस्त्यावरून खूप खाली दिसतं, पाण्याचा हिरवा-निळा रंग ऋतूप्रमाणे बदलतो, ते पाहण्याजोगं आहेच. पण जाता-येता कॉर्बेटकडून येणार असाल तर त्याच रस्त्यावर दहा मिनिटं थांबून बघा, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. दुसरी कापायची गोष्ट म्हणजे कैंची धाम, नीम करोली बाबांचा आश्रम. श्रद्धेनं जायचं असेल तर जरूर जा, पण वेगळी सकाळ ठेवा. ते भवालीहून अल्मोड्याच्या रस्त्यावर आहे. सुट्टीच्या दिवशी भवालीच्या चौकापासूनच गाड्या थांबलेल्या असतात, आणि १५ जूनला तिथे मोठा मेळा भरतो. त्या तारखेच्या आगेमागे भवालीमार्गे कुठलाच बेत आखू नका. बाकी वाटेतली ‘ऑर्गेनिक’ मधाची, मेणबत्त्यांची दुकानं आणि कुमाऊंनी पोशाखातले फोटो ही दुकानदार आणि ड्रायव्हर यांच्या सोयीची थांबायची ठिकाणं आहेत. “रस्त्यात दुकान नको, त्या वेळात साततालला जास्त थांबू,” एवढं स्पष्ट सांगितलं की बहुतेक ड्रायव्हर ऐकतात.

आणखी एक अपेक्षा आधीच दुरुस्त करून घ्या. या सफरीत बर्फाची शिखरं दिसत नाहीत. ही सगळी तळी डोंगरांच्या वाटीत आहेत. नंदादेवीची रांग पाहायची तर नैनीतालच्याच वर स्नो व्ह्यूला किंवा किलबरीच्या रस्त्यावर सकाळी लवकर जावं लागतं.

गाडी ठरवताना पाटी बघा. टॅक्सीची पाटी पिवळी असते, नैनीताल जिल्ह्याच्या गाड्यांचा क्रमांक यूके ०४ नं सुरू होतो आणि टॅक्सीला पुढे बहुतेकदा टीए असतं. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी थोडी स्वस्त मिळते, पण अपघात झाला तर विमा कंपनी प्रवाशांच्या भरपाईला आडकाठी करू शकते आणि वाटेत पोलिसांनी अडवलं तर दिवस वाया जातो. टॅक्सी संघटनेचे ठरलेले दर तल्लीतालच्या स्टँडवर विचारता येतात, हॉटेलनं सांगितलेला दर त्याच्याशी ताडून बघा. चार मोठी माणसं आणि एक मूल यांना लहान गाडीत घाटात दाटीवाटी होते. पाचव्यासाठी एर्टिगासारखी गाडी घ्या. पार्किंग आणि टोल कोण भरणार, दिवस किती तासांचा धरला आहे, एसी लावणार का (घाटात बहुतेक जण लावत नाहीत), आणि कुठली तळी व कुठल्या क्रमानं, हे सगळं ठरवून मोबाइलवर लिहून पाठवायला सांगा. पैसे संध्याकाळी द्या, सकाळी फक्त पेट्रोलपुरते.

स्वस्तात करायचं असेल तर तल्लीतालहून भवाली आणि भीमतालला बस आणि शेअर जीप जातात. पण साततालला नियमित बस नाही आणि परतीचं वाहन शोधण्यात दुपार जाते. एकट्या-दुकट्यानं ठीक, कुटुंबानं या मार्गाला जाऊ नये.

गाडी लागणाऱ्यांसाठी भवाली ते भीमताल हा उतार सगळ्यांत वाईट, वळणं एकामागोमाग येतात. रिकाम्या पोटी निघणं आणि लोण्यात माखलेले आलू पराठे खाऊन निघणं, दोन्ही चूक. कोरडा टोस्ट, केळं, थोडा चहा एवढंच घ्या. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, वाटेत उलटी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग नाही. ज्याला लागते त्याला पुढच्या सीटवर बसवा, मोबाइल काढून घ्या, काच खाली करा. ड्रायव्हरला “वळणावर हळू” असं पहिल्या वळणाआधी सांगा. पिशव्या, पाणी आणि एक जुना टॉवेल हाताशी ठेवा, डिकीत नाही.

जेवणाचं सांगायचं तर साततालच्या काठावर मॅगी, ब्रेड-ऑम्लेट, भजी आणि चहा मिळतो, न्याहारीला ते पुरेसं. दुपारी नौकुचियातालला किंवा भीमतालच्या रस्त्यावर जेवा. पंजाबी पदार्थ सगळीकडे मिळतात, पण कुमाऊंनी थाळी करणारं ठिकाण सापडलं तर तीच मागा. काळ्या भटाची म्हणजे काळ्या सोयाबीनची चुडकाणी, आलू के गुटके, भांगेच्या बियांची चटणी (ती नशेची नाही, तिळासारखी खमंग लागते) आणि भात. आपल्याकडच्या जिभेला हे जेवण जवळचं वाटतं, तिखट बेताचं असतं. ही थाळी बनायला वेळ लागतो, म्हणून नाव घेण्याआधी सांगून जा आणि परत येऊन जेवा. काकडीच्या दिवसांत रस्त्यावर मोठी पहाडी काकडी पिस्यू लूण लावून विकतात. हे मीठ पाट्यावर लसूण, मिरची आणि कोथिंबिरीबरोबर वाटलेलं असतं. ते नक्की खा आणि मीठ वेगळं बांधून मागा.

स्वच्छतागृहाचा प्रश्न बायकांना आणि मोठ्या माणसांना सगळ्यांत जास्त छळतो. निघताना हॉटेलमध्ये, मग साततालच्या पार्किंगजवळ आणि त्यानंतर जेवणाच्या ठिकाणी, अशा तीन वेळा धरून चाला, मधल्या थांब्यांवर भरवसा ठेवू नका. साततालच्या खोलगट भागात मोबाइलची रेंज जाते-येते आणि तिथे ऑनलाइन पैसे अडकतात. हजार-दोन हजारांची सुटी रोकड बरोबर असू द्या. एटीएम भवालीत आणि भीमतालमध्ये आहेत.

कधी जावं? मराठी घरांच्या दोन मोठ्या सुट्ट्यांपैकी दिवाळीची सुट्टी इथे उत्तम. पाऊस संपलेला, पाणी भरलेलं, आकाश धुतलेलं आणि गर्दी मेच्या मानानं कमी. मेच्या सुट्टीत जाणार असाल तर मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार धरा. गर्दीच्या शनिवार-रविवारी पोलीस बाहेरच्या गाड्या रूसी बायपास किंवा नारायणनगरजवळ थांबवून लोकांना शटल गाडीनं आत सोडतात. स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांचा अर्धा दिवस त्यात जाऊ शकतो. एप्रिल ते जून चीडच्या जंगलात वणवे लागतात आणि धुरानं समोरचा डोंगरही दिसेनासा होतो. एप्रिल २०२४ मध्ये आग विझवण्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं भीमतालमधूनच पाणी उचललं होतं. त्या दिवसांत निघण्याआधी हॉटेलात विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळून काठगोदामचा (रेल्वेनं येताना उतरायचं स्टेशन) रस्ता बंद पडतो, लहान मुलांना घेऊन तेव्हा नकोच.

मुक्कामाचाही पर्याय आहे. नैनीतालला दोन आणि भीमताल किंवा नौकुचियातालला एक रात्र ठेवली तर लेक टूर घ्यायची गरजच उरत नाही. कुमाऊं मंडल विकास निगमची पर्यटक निवासं भीमताल, नौकुचियाताल आणि सातताल, तिन्ही ठिकाणी आहेत. खोल्या साध्या, जागा मोक्याच्या. काठगोदामला उतरून आधी भीमतालला जायचं, दुसऱ्या सकाळी सातताल आणि मग वर नैनीताल, हा क्रम वयस्कर माणसांना जास्त मानवतो, कारण शरीर एकदम १,९०० मीटरवर न जाता टप्प्यानं चढतं.

परतताना भवालीत फळं घ्या. मे-जूनमध्ये जर्दाळू, आडू (पीच) आणि आलुबुखार मिळतात. जर्दाळूला तिथे खुमानी म्हणतात. पूर्ण पिकलेली खुमानी मुंबई-पुण्यापर्यंत टिकत नाही, गाडीत पिचते. घरी न्यायची तर जरा कडक, हिरवट-पिवळी निवडा आणि कागदात गुंडाळून भरा. रात्री हॉटेलात खायची तर बोटानं दाबून मऊ लागेल ती. साडेपाचच्या आत तल्लीतालला पोहोचण्याचा प्रयत्न करा. सीझनमध्ये संध्याकाळी मॉल रोड गाड्यांसाठी बंद करतात. तुमचं हॉटेल मल्लीतालच्या, म्हणजे तलावाच्या दुसऱ्या टोकाच्या बाजूला असेल तर टॅक्सी तल्लीतालला सोडते आणि पुढे दीडेक किलोमीटर चालत किंवा रांगेत उभं राहून ई-रिक्षानं जावं लागतं. झोपलेलं मूल, फळांची पेटी आणि दुखरे गुडघे एकत्र असतील तर ते अंतर मोठं होतं. बंद होण्याची नेमकी वेळ त्या आठवड्यात काय आहे, हे सकाळी निघतानाच रिसेप्शनला विचारून ड्रायव्हरला सांगून ठेवा.